एकदा तपासून घे

पाचपाखाडी, ठाणे

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल फोन रागाने ठेवलास. "आई, माझं लिपिड प्रोफाइल नॉर्मल आलंय, विषय संपला." बरं, संपला. बंड्याकाका घरी आलाय, दोन स्टेंट घेऊन. आल्या आल्या सुमनकडे वडापाव मागितला, यावरून तब्येत ओळख.

पण त्याचंही लिपिड नॉर्मलच असायचं रे. रोज उपवनला फेऱ्या मारायचा. आता डॉक्टरांनी लायपोप्रोटीन-ए करायला लावलं, ते 118 निघालं. 50 च्या वर म्हणजे जास्तच. नेहमीच्या प्रोफाइलमध्ये हे येत नाही, वेगळं सांगावं लागतं. एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, त्याच्यासारखाच कण, पण रक्तातली ऑक्सिडाइज झालेली चरबी बरीचशी यालाच चिकटून फिरते आणि धमनीच्या भिंतीत जाऊन बसते. लॅबमध्ये जन्म गेला माझा. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली साधी चरबी, वाढली की सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) दुधाळ दिसतं, ट्यूब उचलली की कळतं. लायपोप्रोटीन-ए कितीही वाढलेलं असो, सिरम आपलं स्वच्छ, पिवळसर.

झालं, लेक्चर सुरू झालं माझं. माफ कर.

सातवीत वर्षा मॅरेथॉनला बूट पाण्याने भरले म्हणून ते हातात घेऊन अनवाणी आला होतास. बाबा दिसेल त्याला सांगत होते, "आमचा आहे तो." अजून सांगतात. तुझी बंगळुरूच्या हाफ मॅरेथॉनची वेळ पाठ आहे त्यांना. पण लायपोप्रोटीन-ए धावून खाली येत नाही. आईबापांकडून जेवढं येतं, साधारण तेवढंच राहतं. बाबांचंही केलं. 96. तुला सांगू नको म्हणाले होते.

त्या व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल मात्र सोड. ऑक्सिडेशन थांबेल म्हणून मोठमोठ्या चाचण्यांत देऊन झाल्यात. साडेनऊ हजार लोकांच्या 'होप' चाचणीत रोज 400 युनिट देऊनही हार्ट अटॅक कमी झाले नाहीत, 2000 सालीच छापून आलंय. उगाच पैसे घालवतोस.

जास्त निघालं तर काय, म्हणशील. मग एलडीएल आणखी खाली आणतात, बीपी-साखरेवर डोळा ठेवतात. चाळिशीच्या आत कळलं तर हातात वेळ असतो. आजोबांना कुठे कळलं होतं?

बघ, पुन्हा तिथेच आले. बहुतेकांना आयुष्यात एकदा केली की पुरते ही टेस्ट, उपाशीही राहावं लागत नाही. शनिवारी जा. रिपोर्ट मला पाठव, फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस. आणि काकाला फोन करून वडापावावरून चांगला झाप, माझं ऐकत नाही तो.

तुझी,
आई