गेल्या वर्षीच्या झावळ्या आणून द्या

सर्व कुटुंबांना सूचना: गेल्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार) चर्चमध्ये मिळालेल्या, क्रूसामागे, तसबिरीमागे खोचून ठेवलेल्या आशीर्वादित झावळ्या येत्या रविवारी मिस्सानंतर (प्रार्थनाविधीनंतर) सॅक्रिस्टीबाहेरच्या (चर्चमधील पूजेची वस्त्रे-भांडी ठेवायच्या खोलीबाहेरच्या) टोपलीत ठेवाव्यात. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला लावायची राख त्यांचीच होते. आधी दोरा, रिबीन, टाचण्या काढा. प्लास्टिक वितळले की राखेत चिकट गोळे होतात, ती चाळणीतून उतरत नाही. (दरवर्षी सांगतो, तरी रिबिनी निघतातच.) दमट झावळी नुसती धुमसते, म्हणून दोन दिवस उन्हात वाळवून आणा. बुरशी लागलेली घरीच जाळून राख झाडाच्या मुळाशी घाला, कचऱ्यात टाकू नका.

युवकांसाठी: शनिवारी दुपारी लोखंडी घमेल्यात, उघड्यावर जाळायचे. राख पूर्ण थंड झाल्यावर मलमलीतून दोनदा गाळा. पाणी मात्र मिसळू नका. ओल्या राखेतला क्षार कपाळाची त्वचा भाजतो.