बंदी गॅसवर आली, सिलिंडर तळघरातच राहिले

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीला गेलो होतो. गच्चीवरच्या शेडसाठी जुने अँगल पाहायचे होते. एका भंगाराच्या दुकानासमोर सतरा-अठरा वर्षांचा मुलगा पाना घेऊन बसला होता आणि लाल सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडत होता. पांढरं धुकं जमिनीलगत पसरत होतं. जवळ जाऊन पाहिलं, तर खरवडलेल्या लेबलवर आकडा शिल्लक होता: १३०१. म्हणजे हेलॉन, आग विझवायचा, आता बंदी आलेला गॅस. मी ओरडलोच. त्याने शांतपणे सांगितलं, "काकाजी, हवाच तं आहे. पेट्रोल थोडीच आहे!"

चार सिलिंडर होते, प्रत्येकात ५० किलो. कुठल्याशा जुन्या ऑफिसच्या तळघरातून खुर्च्या आणि फाइलींच्या कपाटांसोबत आले होते. तीन रिकामे झाले होते.

हेलॉन १३०१ काय चीज आहे, हे मला माहीत आहे. एका कार्यालयाच्या कॉम्प्युटर रूमचं एसी आणि आगविझवणी यंत्रणा मी २९ वर्षं सांभाळली. १९९१ च्या मे महिन्यात, भर दुपारी, फॉल्स फ्लोअरखालच्या केबलने पेट घेतला. आम्ही दोघं आत होतो. सायरन वाजला, गॅस सुटला आणि दहा सेकंदांत आग संपली. खोलीत धुकं, घशाला आंबट ठसका, पण आम्ही दोघंही पायी बाहेर आलो. संध्याकाळी कॉम्प्युटरच्या डेटा टेप तपासल्या, एकही खराब नव्हती. हवेत जेमतेम ५ टक्के हा गॅस मिसळला की ज्वाळा मरते आणि माणूस तरीही श्वास घेऊ शकतो. त्या दिवसापासून माझा त्या गॅसवर जीव जडला.

तरीही त्याच्यावरची बंदी योग्यच होती. त्याच्यातला ब्रोमीन ज्वाळेची साखळी तोडतो म्हणून आग विझते. तोच ब्रोमीन वर गेला की ओझोनचे रेणू फोडत सुटतो, आणि या कामात तो क्लोरीनपेक्षा कितीतरी पटींनी जहाल आहे. हेलॉन १३०१ वातावरणात ६५-७० वर्षं टिकतो. ओझोन वाचवण्यासाठी १९८७ चा माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. श्रीमंत देशांनी १९९४ पासून हेलॉनचं उत्पादन थांबवलं, आपल्यासारख्या देशांना २०१० पर्यंत मुदत होती. ओझोनचा थर आता सावरतो आहे. अंटार्क्टिकावर तो १९८० च्या पातळीला यायला २०६६ च्या आसपासचं साल उजाडेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यामुळे बंदीला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही.

पण त्या बंदीची किंमत आमच्यासारख्यांनी खोलीच्या आत मोजली, हेही नोंदवलं पाहिजे. आमच्याकडे हेलॉन काढून कार्बन डायऑक्साइड बसवला. आकाशाच्या दृष्टीने बरा, पण आग विझवायला तो हवेत ३४ टक्क्यांच्या आसपास लागतो आणि एवढ्यात माणूस जगत नाही. म्हणून आधी सायरन, मग ३० सेकंद थांबून गॅस. एकदा चाचणी चालू असताना सफाई करणाऱ्या मावशी आतच होत्या. व्हॅक्यूम क्लीनरच्या आवाजात त्यांना सायरन ऐकूच गेला नाही. स्विच त्या दिवशी मॅन्युअलवर होता, गॅस आपोआप सुटला नाही, म्हणून त्या जिवंत घरी गेल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढचे पर्यायही बिनखर्चाचे नाहीत. एचएफसी-२२७ हा आग विझवणारा गॅस ओझोनला हात लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या तीन हजार पटींवर आहे. माँट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार आपल्याला अशा एचएफसी गटातल्या वायूंचा वापर २०२८ पासून गोठवायचा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आहे. फ्लोरोकीटोन या आग विझवणाऱ्या द्रवाचं तापमानवाढीचं गणित उत्तम, पण ते न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या मोठ्या कुटुंबात मोजलं जातं, आणि ही रसायनं बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने डिसेंबर २०२२ मध्येच हा सगळा गट २०२५ अखेर बंद करण्याचं जाहीर केलं होतं. नायट्रोजन-आरगॉनचं मिश्रण मला सगळ्यांत स्वच्छ वाटतं. त्याला सिलिंडर मात्र कितीतरी जास्त लागतात, दाब प्रचंड असतो आणि जुन्या इमारतीत ते ठेवायला जागा नसते. आणि आग विझलीच नाही, तर जळणाऱ्या पीव्हीसी वायरींचा आम्लाचा धूर आहेच. तो हिशेब कोणत्याही 'ग्रीन' जाहिरातीत नसतो.

एवढी किंमत मोजून आपण हेलॉन बंद केला. तोच लोहा ओळीत फुकट उडतो आहे, हे पाहून पोटात तुटलं. त्या तीन सिलिंडरमधला दीडशे किलो गॅस पृथ्वी तापवण्याच्या मापाने हजार टन कार्बन डायऑक्साइडइतका आहे. साधारण साडेचार लाख लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. ओझोनचं नुकसान वेगळं. आणि त्याने एक काडीसुद्धा विझवली नाही. विमानांच्या इंजिनातली आग विझवायला आजही हेच हेलॉन लागतं आणि नवीन बनत नसल्याने जुनं शुद्ध करून वापरावं लागतं. नागपूर विमानतळालगतच्या मिहानमध्ये विमानं दुरुस्तीला येतात, लोहा ओळीपासून ते काही फार दूर नाही. दिल्लीला संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओच्या संस्थेत हेलॉन बँक, म्हणजे जुनं हेलॉन जमा करायची सोय, आहे. पण भंगारवाल्या पोराला ते सांगणार कोण?

हे नागपूरला जमण्यासारखं आहे. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५७ पासून याच शहरात आहे. स्फोटक आणि गॅस सिलिंडरांवर देखरेख ठेवणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय इथे, पर्यावरण संशोधन करणारी 'नीरी' इथे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतमालकांना दर जानेवारी आणि जुलैला आगविझवणी यंत्रणा चालू असल्याचं 'बी' नमुन्यात प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याच कागदावर एक ओळ वाढवा: इमारतीत जुनं हेलॉन आहे का, किती किलो? महापालिकेच्या अग्निशमन विभागाने ती यादी करावी, वरच्या तीन संस्थांनी मिळून गोळा करण्याचा एक दिवस ठरवावा आणि भंगारबाजारात लेबलचा फोटो असलेले फलक मराठी-हिंदीत लावावेत.

चौथं सिलिंडर मी ३,२०० रुपयांना विकत घेतलं आणि छोट्या टेम्पोत घालून घरी आणलं. उन्हाने दाब चढू नये म्हणून पोर्चच्या सावलीत, भिंतीला साखळीने बांधून ठेवलं आहे. ते कुठे जमा करायचं, हे विचारायला दोन कार्यालयांत गेलो. दोन्हीकडे लेखी अर्ज द्या म्हणाले. अर्ज दिला आहे. उत्तर आलं की ते सिलिंडर मी स्वतः नेऊन देईन.

आपला,
एक निवृत्त तंत्रज्ञ
त्रिमूर्ती नगर, नागपूर