त्या मुलाच्या हसण्यानं झोप उडाली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साताऱ्यात आमच्या घराशेजारी स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे. मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे मुलाखतीचा सराव घ्यायला पोरं मला बोलावतात. गेल्या आठवड्यात माण तालुक्यातल्या एका मुलाला मी नेहमीचाच प्रश्न विचारला, "या नोकरीत का यायचंय?" तो म्हणाला, "लोकांची सेवा करायला." मागं बसलेली दहा-बारा पोरं खदखदून हसली. त्याचं मला फारसं वाटलं नाही, वयच हसायचं आहे. पण मग तो मुलगाही हसला आणि खाली बघत म्हणाला, "सर, मुलाखतीत असंच सांगायचं असतं ना?" त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून हे पत्र.

नंतर चहाच्या गाड्यावर त्यांच्याशी बोललो. त्यांचा राग खोटा नाही, हे आधी सांगतो. कुणाच्या वडिलांनी क्लासच्या फीसाठी दुभती म्हैस विकली आहे. जाहिरात निघत नाही, निघाली तर परीक्षा पुढं जाते, पेपर फुटल्याच्या बातम्या येतात, आणि इकडे वय सरत चाललंय. सव्वीस जानेवारीला आदर्शांवर भाषण करणाऱ्या माणसाच्या दारात कुणाच्या गाड्या उभ्या असतात, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. एकानं सांगितलं, त्याच्या थोरल्या भावाला स्थळ आलं, तेव्हा मुलीच्या मामानं पगार विचारला आणि लगेच पुढचा प्रश्न केला, "आणि वरचे किती सुटतात?" बैठकीतल्या कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

मी कर्मवीर अण्णांचं, म्हणजे भाऊराव पाटलांचं नाव काढलं. पोरं म्हणाली, "सर, ते दिवस वेगळे होते." साताऱ्यात राहून हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय, आणि ते मला पटत नाही. कोणते दिवस सोपे होते? १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं, तेव्हा सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवणं ही लोकांच्या दृष्टीनं खुळचट गोष्ट होती. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरात वाढलेल्या. त्यांनी ते बाजूला ठेवून त्या पोरांना वाढलं. अण्णा गावाला गेलेले, बोर्डिंगात दाणा नाही, अशा वेळी त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. ही गोष्ट आपण इतक्या वेळा सांगतो की तिच्यातली कळ निघून गेली आहे. शंभर वर्षांपूर्वी नवरा जिवंत असताना मंगळसूत्र उतरवणाऱ्या बाईला शेजारणी काय बोलल्या असतील? १९३० मध्ये त्या गेल्या. अण्णांना पद्मभूषण मिळालं ते १९५९ मध्ये. ते बघायला त्या नव्हत्या.

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं. अण्णा आणि लक्ष्मीबाई एवढ्या दोघांवर ते बोर्डिंग चाललं असतं का? अण्णांच्या कामात मुष्टिफंड नावाची एक पद्धत होती. दळायला बसण्याआधी घरातल्या बाईनं मूठभर धान्य पोरांच्या नावानं बाजूला काढायचं. ज्या घरात दोन वेळची भाकर कशीबशी निघायची, तिथूनही मूठ यायची. त्या बायकांची नावं कुठंच लिहिलेली नाहीत. अण्णांच्या आदर्शाला रोज खायला त्यांनी घातलं.

क्रांतिसिंह नाना पाटलांचंही तसंच. येडेमच्छिंद्रचा हा माणूस आधी तलाठी होता. १९३० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. (तलाठ्याची नोकरी सोडणं म्हणजे काय, हे मी त्याच खात्यात आयुष्य काढल्यामुळं जाणतो.) पुढं १९४२ ते १९४६ प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता लोकांनीच चालवलेला कारभार, चाललं, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजचा सांगलीचा बराचसा भाग धरून. नाना भूमिगत होते, डोक्यावर इनाम होतं, पोलीस गावोगाव झडत्या घेत होते, तरी ते इंग्रज सरकारच्या हाती लागले नाहीत. त्यांचं शौर्य होतंच, पण कुणीतरी रात्री दार उघडत होतं, कुणीतरी उसाच्या फडात भाकरी पोचवत होतं, आणि मार खाऊनही गाव तोंड उघडत नव्हतं. इनामाची रक्कम खिशात घालायला एक फितूर पुरला असता.

आपल्याच साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला. त्यानंतर कित्येक वर्षं कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला त्या पुलावर जमत राहिले. ऊन असो, पाऊस असो.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायला मला जड जातंय.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावाला एक तरुण मुलगी तलाठी म्हणून आली. तिनं चहापाणी घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. नुसतं ठरवलं नव्हतं, तशी व्यवस्थाच लावली होती. फेरफाराचे, म्हणजे जमिनीच्या नोंदी बदलायचे अर्ज आले त्या क्रमानं ती यादी करायची आणि ती यादी चावडीच्या भिंतीवर डकवायची. नोटिशीची मुदत संपली की कागद मंडळ अधिकाऱ्याकडं. कुणाचा अर्ज पुढं नाही, कुणाचा मागं नाही. माझ्या विधवा बहिणीची वारसनोंद वर्षानुवर्षं रखडलेली होती. ती तिनं एका रुपयाविना करून दिली. बहीण ओल्या डोळ्यांनी तिला घरची काकवी द्यायला गेली, तर तिनं तीही घेतली नाही.

ज्यांना रांगेची सवय नव्हती त्यांना हे सोसलं नाही. "उद्धट बोलते, जागेवर सापडत नाही" असा तक्रारअर्ज वर गेला आणि त्यावर गावातल्या तीसेक सह्या पडल्या. वर्षाच्या आत तिची बदली झाली. ज्यांची कामं तिनं फुकट केली होती ते सह्या करणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. आमच्यातला एकही तहसीलला गेला नाही. मीही गेलो नाही. त्या कार्यालयात कुणाला भेटायचं, अर्ज कसा लिहायचा, कुठल्या शब्दाला वजन आहे, हे त्या गावात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी घरी बसलो आणि बहिणीला म्हणालो, "चांगल्या माणसाचं आजकाल असंच व्हायचं." संपादकसाहेब, जणू मी त्यात कुठं नव्हतोच, असं म्हणालो मी.

आदर्शानं जगणारी माणसं संपली, हे मला मान्य नाही. दर भरतीत अशी चार-दोन येतात, मी नोकरीत बघितली आहेत. आपण त्यांच्याकडून काम करून घेतो, पाठीमागं "खुळा आहे" म्हणतो, आणि त्यांच्यावर वेळ आली की दार लावून घेतो. मग पोरांना सांगतो, आता आदर्शाचे दिवस राहिले नाहीत. पोरं हसायला शिकली ती आमच्याकडं बघूनच.

परवा मी ओळखीतून त्या मुलीचा नंबर मिळवला आणि फोन केला. माफी मागितली. तिला मी आठवत नव्हतो, माझी बहीण आठवत होती. "काकवीवाल्या मावशी ना? बऱ्या आहेत का?" असं विचारलं. आता तिच्याकडं असलेल्या गावातही ती भिंतीवर यादी लावते. तिथंही कुरबूर सुरू झाली आहे, हे तिनं सहज सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. ते गाव कोणतं हे मी विचारून घेतलंय. तिथं माझे दोन जुने सहकारी राहतात. त्यांच्याशी बोललोय. ग्रामसभेत उठून बोलायचं त्यांनी कबूल केलंय आणि त्या दिवशी मीही जाणार आहे.

माणच्या मुलाला काल पुन्हा बोलावलं. म्हटलं, "उत्तर बदलू नकोस. मी पुढचे प्रश्न विचारतो, त्यांची तयारी कर." आम्ही तासभर बसलो. सरपंचाचा फोन आला तर काय करशील, वरिष्ठांनी तोंडी सांगितलं तर कागदावर काय ठेवशील, असे प्रश्न मी विचारत गेलो. तो नीट विचार करून उत्तरं देत होता. शेवटी त्यानंच मला विचारलं, "सर, आणि तिथं मी एकटा पडलो तर?"

मी त्याला त्या तलाठी मुलीची सगळी गोष्ट सांगितली. मी तेव्हा गेलो नव्हतो, तेही सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझ्या वेळी याल?"

मी येतो म्हणालोय.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, सातारा