हॅम रेडिओवाल्यांना बागेत दोन तास बसू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की दरवर्षी आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकांच्या बातम्या येतात, नालेसफाई, बोटी, कंट्रोल रूमचे नंबर वगैरे, आणि त्यात कधीकधी एक ओळ असते की गरज पडल्यास हॅम रेडिओची मदत घेतली जाईल. मी लायसन्सवाला हॅम आहे, पुण्यात राहतो, आणि मला त्या एका ओळीबद्दलच लिहायचंय. गरज पडल्यावर मदतीला येणारा माणूस आधी कुठेतरी सराव करून तयार झालेला लागतो, आणि तो सराव करायला शहरात आता बागा, टेकड्या आणि मैदानं एवढीच जागा उरलीय, आणि नेमकं तिथूनच आम्हाला उठवतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हॅम रेडिओ म्हणजे हौसेखातर स्वतःच्या रेडिओवरून लांबच्या दुसऱ्या हौशी माणसाशी बोलणं, तो वॉकीटॉकी नाही आणि एफएम स्टेशनही नाही. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यायची, पास झालं की लायसन्स आणि व्हीयू 2 किंवा व्हीयू 3 ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची आपली ओळख, हातात येतं, मग ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सीवरच बोलायचं, त्यातून पैसे कमवायचे नाहीत, सांकेतिक गुपितं पाठवायची नाहीत. 12 वर्षांच्या पोरालाही परीक्षा देता येते. आणि आमच्यातले काही जण मुद्दाम कमी ताकदीवर चालवतात, मोर्समध्ये (म्हणजे टिंब-रेघांच्या लिपीत) 5 वॅट, आवाजात फार तर 10, त्याला क्यूआरपी म्हणतात. 5 वॅट म्हणजे घरातल्या एलईडी बल्बपेक्षाही कमी. बागेत मावशी-काका विचारतात की रेडिएशनचा त्रास नाही ना होणार, त्यांना मी सांगतो की जुन्या जीएसएम मोबाईलची कमाल ताकद 2 वॅट असायची आणि तो आपण कानाला लावून बसायचो, इथे वायर तुमच्यापासून चांगली लांब आणि उंच आहे.

आता कोणी म्हणेल की घरी बसून करा की सराव. घरी होत नाही हो. एक तर सोसायटी गच्चीवर वायर लावू देत नाही, आणि लावू दिली तरी ऐकू काय येणार? एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर, लिफ्टची मोटर, सोलरचे इन्व्हर्टर, प्रत्येक फ्लॅटमधले पाच-सहा चार्जर, या सगळ्यांचा मिळून जो खरखराट होतो त्यात हजार किलोमीटरवरून आलेला बारीक सिग्नल कुठल्या कुठे बुडून जातो. हे दुखणं नवीन नाहीये. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद व्हायची, शहरातल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर जाणार म्हटल्यावर ते काम 1904 मध्ये अलिबागला हलवावं लागलं आणि आजही तिथेच चालू आहे. तेव्हा एका ट्रामसाठी समुद्र ओलांडावा लागला, आज आमचं म्हणणं फक्त एवढंच आहे की जवळच्या बागेच्या कोपऱ्यात बसू द्या, तिथे दिव्यांपासून थोडं लांब गेलं तरी रिसीव्हर एकदम शांत होतो आणि मग ऐकू येतं.

जगभर यावर पार्क्स ऑन द एअर नावाचा अख्खा उपक्रम चालतो. 2016 साली अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसला 100 वर्षं झाली म्हणून तिथल्या हॅम मंडळींनी वर्षभर राष्ट्रीय उद्यानांतून रेडिओ चालवला, वर्ष संपलं पण लोकांना लागलेली सवय सुटली नाही आणि त्यातून हे उभं राहिलं. नियम साधा आहे, स्वतः आणि सगळं सामान उद्यानाच्या हद्दीत हवं आणि एका दिवसात 10 जणांशी संपर्क व्हायला हवा, दिवस मात्र जागतिक वेळेचा, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला तारीख बदलते. काही देशांत पार्कचे रेंजर स्वतः येऊन चौकशी करतात की आज बँड (म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा) कसा आहे. आपल्याकडे चौकशी होते पण वेगळी.

सामान सांगतो म्हणजे अंदाज येईल. पाठीवरच्या सॅकमध्ये मावतं सगळं. एक छोटा रिग (म्हणजे रेडिओ सेट), एक लिथियम बॅटरी, मोर्सची की, वही-पेन्सिल, दहा मीटरच्या आसपास वायर (20 मीटर बँडला अर्ध्या तरंगलांबीची तेवढीच लागते), आणि ती वर न्यायला मासे पकडायची टेलिस्कोपिक काठी. रिगचं म्हणाल तर हैदराबादच्या अशर फरहान यांनी बाजारात सहज मिळणाऱ्या पार्टमधून घरी बनवता येईल असा बिटएक्स नावाचा रिग डिझाइन केला, तो आज जगभर लोक बनवतात, आपल्याच देशातून निघालेली गोष्ट आहे ही आणि आपल्याच बागेत ती काढली की लोक संशयाने बघतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

मुख्य मुद्दा कंडिशन्सचा, म्हणजे कुठल्या वेळी लहर कुठवर पोचते याचा आहे, आणि तो घरात बसून शिकता येत नाही. हवामान बदलतं तसं वरचं आयनांबरही (रेडिओ लहरी परत खाली वळवणारे उंचावरचे हवेचे थर) तासातासाला बदलतं. उजाडायच्या आधी टेकडीवर बसून 40 मीटरचा, म्हणजे 7 मेगाहर्ट्झचा बँड लावला तर लांबची स्टेशन्स येतात पण कोल्हापूर, हुबळी काही येत नाही, कारण रात्रभरात वरचा एफ थर विरळ झालेला असतो, सरळ वर गेलेली लहर परत फिरत नाही, तिरकी गेलेली लांब कुठेतरी जाऊन उतरते. सूर्य वर आला की बघता बघता चित्र पालटतं, जवळपासचे जिल्हे खणखणीत यायला लागतात. मग दहा-अकरा वाजले की खालचा डी थर जाड होतो आणि 7 मेगाहर्ट्झचा सिग्नल गिळायला लागतो, 100 वॅटवाला रेटून नेतो कसंतरी, 5 वॅटवाल्याला उठून वायर बदलून 20 मीटरवर जावं लागतं. आणि सूर्यावर मोठी ज्वाला उसळली तर तिचे क्ष-किरण आठ मिनिटांत इथे पोचतात आणि दिवसाच्या बाजूचा बँड बघता बघता मुका होतो, त्यात काहीही करता येत नाही, थांबायचं आणि थोड्या वेळाने वरच्या फ्रिक्वेन्सीपासून परत चाचपायचं, कारण त्या आधी सावरतात. मे 2024 मध्ये जे चुंबकीय वादळ आलं ते ऑक्टोबर 2003 नंतरचं सगळ्यात मोठ्या श्रेणीचं होतं, लडाखमध्ये हानलेला आकाश लाल झालेलं लोकांनी पाहिलं, असल्या दिवसांत बँड काय करतो हे ज्याने स्वतः ऐकलंय त्याला पुढच्या वेळी घाबरायला होत नाही. शिवाय आपल्याकडे वळवाचे ढग आले की शेकडो किलोमीटर लांबच्या विजा रिसीव्हरमध्ये कडकडायला लागतात, वारा सुटला की काठी वाकते, वायर खाली येते, पावसाने भिजते, अँटेनाचं ट्यूनिंग सरकतं. (वीज जवळ आली तर काही न बघता सगळं उतरवून निघायचं, यात हौस नाही करायची.)

5 वॅटवर काम कसं चालतं ते सांगतो. समजा समोर केरळचं स्टेशन आहे, त्याला आपल्या कॉलसाइनची शेवटची दोन अक्षरंच मिळालीयेत, तो प्रश्नचिन्ह पाठवतो. सिग्नल खालीवर होतोय, आम्ही त्याला क्यूएसबी म्हणतो. घाई करून सतत पाठवत बसलं तर अर्धं बुडणार. म्हणून कान लावायचा, त्याचाच सिग्नल वर यायला लागला की आपलाही तिकडे वर येत असणार असं धरून नेमकं त्या काही सेकंदांत कॉलसाइन दोनदा, रिपोर्ट (त्याचा सिग्नल इथे कसा येतोय ते) दोनदा, आणि गप्प. तो उलट पाठवतो, सगळं बरोबर. इथे 100 वॅट असते तर हे शिकायची वेळच आली नसती. आणि गणित बघा, 100 वरून 5 वॅटवर आलं म्हणजे ताकद वीसपट कमी झाली पण समोरच्याच्या सिग्नल मोजायच्या मीटरवर फरक पडतो साधारण दोन एस-युनिटचा, म्हणजे दोन घरांचा. बँड उघडा असेल आणि जागा शांत असेल तर ते दोन युनिट कोणाच्या लक्षातही येत नाहीत, आणि नसेल उघडा तर तेव्हाच ऑपरेटरचा कस लागतो.

हे मी का रंगवून सांगतोय, तर आपत्तीत हेच लागतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला तेव्हा मुंबईत फोन लागत नव्हते हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, गावंच्या गावं कितीतरी दिवस वीज आणि मोबाईलशिवाय होती. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला तेव्हा भारती प्रसाद या हॅम ऑपरेटर तिथे पोर्ट ब्लेअरला होत्या आणि त्यांच्या रेडिओवरून लोकांचे निरोप बाहेर गेले, त्या तिथे होत्या त्या हौसेखातर रेडिओ चालवायलाच. अशा वेळी लाईट नसते, जनरेटरला डिझेल नसतं, असते ती एक बॅटरी आणि ती पुरवून वापरायची असते, छतावरचा मोठा अँटेना पडलेला असतो आणि जे झाड उभं आहे त्याच्या आधाराने वायर वर करायची असते. म्हणजे आम्ही बागेत हौस म्हणून करतो तीच गोष्ट. गोदामात सेट ठेवून हे येत नाही.

आणि बागेत काय होतं? काठी उभी केली की वॉचमन काका येतात, साहेब हे काय लावलंय, ड्रोन आहे का, टॉवर टाकताय का. लायसन्स दाखवलं तर ते म्हणतात मला यातलं कळत नाही, वरून विचारा. वर विचारलं तर वरचे म्हणतात असा काही नियम नाही. नियम नाही म्हणजे मनाईही नाही ना? पण सोपं पडतं ते उठवणं. मी वॉचमन काकांना दोष देत नाही, उद्या काही झालं तर त्यांच्यावर येतं, त्यांना वरून एक कागद मिळाला असता तर त्यांनी चहा पण पाजला असता.

म्हणून महापालिकांच्या उद्यान विभागांना माझी विनंती आहे की लायसन्सधारक हॅमसाठी एक साधा अर्ज ठेवा. नाव, कॉलसाइन, लायसन्सची प्रत, कुठली बाग, कुठली वेळ, बस. सकाळचे दोन तास, गर्दीपासून बाजूचा एक कोपरा. जवळच्या पोलीस चौकीला त्याची प्रत जाऊ द्या म्हणजे त्यांनाही लायसन्स कसं दिसतं ते माहीत होईल. जिथे लष्कराची किंवा विमानतळाची हद्द जवळ आहे तिथे नाही म्हणा, पुण्यात अशा जागा बऱ्याच आहेत आणि ते आम्हाला मान्य आहे. आमच्याकडून झाडाला खिळा नाही, फांदी तोडणं नाही, पायवाटेवरून वायर नाही, वायरला रंगीत रिबन बांधायची म्हणजे माणसांना आणि पाखरांना दिसेल (मांजाने काय होतं ते आपण दर संक्रांतीला बघतोच), आणि लायसन्सवरच्या पत्त्याबाहेरून चालवताना नियमात जे सांगितलंय ते आधी पूर्ण करायचं. जो हे पाळणार नाही त्याला खुशाल बाहेर काढा, आम्हीच तुमच्या बाजूने उभे राहू.

शाळांनाही सांगावंसं वाटतं, पोरांना अशा सकाळी घेऊन या, मोर्सची की त्यांच्या हातात देऊ, लायसन्सवाल्याने समोर बसून चालवलेलं त्यांना ऐकू दे, आयनांबर पुस्तकातल्या आकृतीत कळत नाही तेवढं एक स्टेशन कानादेखत विरताना ऐकलं की कळतं.

बाकी फार काही नको. अर्ज नेमका कुठल्या टेबलावर द्यायचा आणि उत्तर किती दिवसांत मिळेल एवढं जरी आपल्या पेपरातून कुठल्या अधिकाऱ्याने सांगितलं तरी पाऊस सुरू व्हायच्या आत आमच्यातले बरेच जण सॅक घेऊन बाहेर पडतील.

आपला,
एक हॅम रेडिओ ऑपरेटर, पुणे