चित्रकार पण व्हायचंय आणि शिक्षक पण, मग शिकायचं कुठं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी मिरजेजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. जुनी मुलं भेटली की विचारतात, सर पेंटिंग पण करायचंय आणि शिकवायचं पण आहे, काय करू? एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) कर, मग डिप.ए.एड. (कलाशिक्षणातला डिप्लोमा) कर म्हणतो, पण त्याच्यापुढं काय म्हटलं की माझी बोलती बंद. पेंटिंगमध्ये मास्टर्स करावं तर तिथं शाळेतला वर्ग कसा घ्यायचा हा विषयच नाही, आणि बी.एड.ला जावं तर मेथड, म्हणजे शिकवायचा विषय, गणित, विज्ञान, भाषा असाच, चित्रकला सहसा नसतेच. दिल्लीला जामिया मिलिया विद्यापीठात आर्ट एज्युकेशनमध्ये, म्हणजे कलाशिक्षणात, एमएफए (कलेतलं मास्टर्स) आहे, पण आपल्याकडचं किती पोरांना तिथं जाणं परवडणार?

ड्रॉइंग मास्तरला कशाला हवी मास्टर्स, हे मी स्टाफरूममध्येच ऐकलंय. अहो, सहावीतलं पोरगं दोन डोंगर, मधून सूर्य, नदी आणि झोपडी काढून आणतं, दरवर्षी तेच, कारण कुणीतरी फळ्यावर तेच काढून दिलेलं असतं. आता त्याला छान म्हणून सही ठोकायची, की तुझ्या गच्चीवरून दंडोबाचा डोंगर कसा दिसतो रे, उद्या बघून ये म्हणायचं? कुठल्या वयात मूल कसं बघतं, कसं काढतं हे शिकल्याशिवाय ते नाही कळत. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांत आठवणीतून काढायच्या स्मरणचित्रासाठी तर आपण माणसं सरळ पाठच करून घेतो, बसलेला, उभा, छत्रीवाला, आणि दहावीला वाढीव मार्क मिळतात म्हटल्यावर पालकांनाही ग्रेडच हवी असते.

आणि हे काही परदेशी फॅड नाहीये. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ पासून वर्ध्याच्या सेवाग्रामला नई तालीमच्या (गांधीजींच्या हाताच्या कामातून शिकवायच्या पद्धतीच्या) शाळेतल्या मुलांना चित्रकला शिकवत होते, स्वतःची कुंभारकामाची साधना पण चालूच. असा माणूस आपल्याच राज्यात काम करून गेला तरी त्याच्या वाटेनं जाणारा पुढचा कोर्स आपल्याकडं दिसत नाही.

मुंबईच्या सर जे.जे. कला महाविद्यालयाला, म्हणजे जेजेला, २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालाय, म्हणजे कोर्स आता त्यांच्या हातात आहेत. दोन वर्षांचं कलाशिक्षणाचं मास्टर्स काढावं, त्यात स्वतःचा स्टुडिओ सक्तीचा, एक टर्म जिल्हा परिषदेच्या शाळेत, प्रबंध मराठीत चालेल असं काहीतरी, आणि नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी मे महिन्याच्या सुट्टीत वर्ग ठेवले तर पहिला फॉर्म मीच भरतो.

– एक कलाशिक्षक, मिरज