भुरीसोबत चालायला शिकवणाऱ्या नानांस

आदरणीय नाना,

सप्रेम नमस्कार. आपले आभार घरी येऊनही मानता आले असते. परंतु आपण भुरीसाठी जे केलेत ते कुत्रे पाळणाऱ्या इतरांनाही कळावे, या इच्छेने हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात केळीच्या बागेत सापडलेल्या भुरीला मी घरी आणले, तेव्हा ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला तयार नसे. आमच्या सावद्यातून जाणाऱ्या बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर केळीच्या गाड्यांची सतत ये-जा असते. ब्रेकचा फुसकारा ऐकताच ती शेपटी पोटाखाली घेऊन जमिनीला चिकटे आणि मी तिला ओढत असे. साध्या पट्ट्यातून ती मागे सरत दोनदा निसटली होती, म्हणून मी तिच्या गळ्यात फासाची लोखंडी साखळी घातली होती. आपण रागावला नाहीत. माझी बोटे तिच्या श्वासनलिकेवर हलकेच ठेवून एवढेच म्हणालात, “साखळी इथे आवळते, आणि तिला वाटते, गाडीमुळे दुखले.” साखळी त्याच दिवशी काढली, पण त्या आधीच्या दिवसांची खंत मला अजूनही आहे.

भुरीचे डोके मानेच्या मानाने निमुळते असल्याने आपण मार्टिंगेल पट्टा सुचवलात. त्याला दोन वेढे असतात; कुत्रे मागे सरले की लहान वेढा ताणला जाऊन मोठा आवळतो, पण आपण बसवलेल्या मापापर्यंतच, त्यामुळे पट्टा डोक्यावरून निघत नाही आणि गळाही दाबला जात नाही. आवळल्यावर मोठ्या वेढ्याच्या टोकांच्या दोन्ही कड्या एकमेकींना टेकल्या तर तो सैल समजायचा. घरात तो काढून ठेवायचा, कारण लोंबता वेढा कशातही अडकू शकतो. सतत ओढणाऱ्या किंवा खोकणाऱ्या कुत्र्याला छातीचा हार्नेस बरा, हेही आपण सांगितलेत.

मात्र पट्टा बदलल्याने भीती जात नाही, हे आपण पहिल्याच दिवशी बजावलेत, आणि खरे शिक्षण तिथून सुरू झाले. आठवडाभर ती नवा पट्टा घालून फक्त अंगणात फिरली. मग गाडी दिसेल, पण भुरी तोंडातला घास टाकणार नाही, इतक्या अंतरावर आपण आम्हाला उभे केलेत. प्रत्येक गाडीसरशी उकडलेल्या अंड्याचा एक तुकडा. घरातली भाजी नाही, कारण कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. तिने ओठ चाटले, जांभई दिली, मान वळवली की थांबायचे, दोरी सैल सोडायची आणि हुंगू द्यायचे. एके दिवशी आपण अर्धा तास एकाच निंबाखाली उभे राहिलात, कारण भुरीला तिथून हलायचे नव्हते. तो अर्धा तास मी विसरणार नाही.

आता डांबर तापण्यापूर्वी, पहाटेच आम्ही निघतो. परवा भरलेला ट्रक शेजारून गेला. भुरी थबकली, माझ्याकडे पाहिले आणि स्वतःच पुढे निघाली. दोरी सैलच होती.

आखाजीला आपण घरी यावे. सांजोऱ्या केलेल्या असतील. भुरीची मान आता भरली आहे, तेव्हा पट्ट्याचे मापही आपल्या हाताने एकदा पाहून द्यावे, ही विनंती.

आपली ऋणी,
भुरीची ताई