जन्माचे वजन शाळेच्या आरोग्यकार्डावर हवे

महोदय,

अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ घरी आले की पहिले दोन-तीन महिने सारे घर ग्रॅम मोजत असते. बाळसे धरले की माता-बाल कार्ड कपाटात जाते आणि तो आकडा विसरला जातो. तो पुढे वीस वर्षे लागणार असतो.

पोटात पोषण कमी पडले की बाळ मेंदू जपते आणि स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या वाढीत काटकसर करते. मूत्रपिंडातल्या गाळण्या गर्भातच तयार होतात. त्या कमी पडल्या तर पुढे रक्तदाब वाढू शकतो. स्नायू कमी म्हणजे रक्तातली साखर वापरणारी जागाच कमी. त्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला असे दिसले, की आपली नवजात बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी असतात, हातापायांनी किडकिडीत, पण पाठीवरच्या फऱ्याखालची चरबी मात्र जवळपास शाबूत.

म्हणूनच ‘अंगाला लागत नाही’ म्हणून साजूक तूप, साखर, चहात बुडवलेली बिस्किटे भरवत राहणे धोक्याचे आहे. दिल्लीतल्या मुलांच्या दीर्घ पाहणीत (२००४) तरुणपणी मधुमेहाकडे झुकलेले लोक दोन वर्षांचे असताना बारीक होते. नंतर त्यांचे वजन उंचीच्या मानाने चढत गेले. बाराव्या वर्षीही ते लठ्ठ नव्हते, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. पहिली दोन वर्षे अंगावरचे दूध, सहा महिन्यांनंतर डाळ, अंडे, भाजी आणि डॉक्टरांनी दिलेले लोहाचे थेंब यांवर भर हवा. लक्ष लांबीकडे हवे. बहुतेक मुले दोन वर्षांत उंची भरून काढतात. साधारण दहातले एक मूल मागे राहते. त्याला ‘वाढेल हळूहळू’ म्हणून दहाव्या वर्षापर्यंत थांबवू नये, संप्रेरकतज्ज्ञांना (हार्मोन्सच्या डॉक्टरांना) तीन-चार वर्षांचे असतानाच दाखवावे.

मानेमागचा काळपट, मखमली पट्टा बेसन लावून घासला जातो. तो मळ नाही, वाढलेल्या इन्सुलिनची खूण असू शकते. मुलींमध्ये आठ आणि मुलांमध्ये नऊ वर्षांआधी काखेत वा जांघेत केस आले, तर तपासणी हवी. अशा मुलींची पाळी पुढे अनियमित होण्याची शक्यता अधिक असते. दरवर्षी रक्तदाब आणि कंबर मोजावी: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. १२० सेंटिमीटर उंचीच्या मुलाची कंबर ६० च्या आत हवी. कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येक मुलाला मधुमेह होतो असे मुळीच नाही. पण कोणाकडे लक्ष ठेवायचे, हे कळायला तो आकडा हाताशी लागतो.

मुंबईतल्या पालिका आणि खासगी शाळांच्या आरोग्यकार्डावर दोन रकाने वाढवावेत: जन्माचे वजन आणि गर्भाचे आठवडे. दुसरा रकाना गाळू नये. ३४ व्या आठवड्यातले सव्वादोन किलो त्या वेळेला साजेसे असते. ३९ व्या आठवड्यातले तेवढेच वजन म्हणजे पोटात वाढ खुंटलेली. दोन्ही आकडे प्रसूतीच्या डिस्चार्ज कागदावर असतात. प्रवेशाच्या वेळी जन्मदाखल्याबरोबर त्याचीही एक झेरॉक्स मागावी.

— एक बालरोगतज्ज्ञ, परळ, मुंबई